दोन इंच उंच

पिकअप उचलली की ती सगळीच्या सगळी वर जाते, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिचा सर्वांत सखल भाग जागचा हलतही नाही. मागच्या एक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा जाड फुगवटा असतो. तो चाकांच्या आसाशी एकजीव असतो आणि त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या आकारावर ठरते. सस्पेन्शन चार इंचांनी वाढवा किंवा सहा इंचांनी, रस्त्यात आलेला धोंडा त्या फुगवट्याला पूर्वी जिथे लागत होता तिथेच लागणार. वर जाते ती चेसिस, तिच्यावरची बॉडी, इंजिन आणि आत बसलेली माणसे. एक्सलच्या आणि चेसिसच्या मधले अंतर वाढते, एवढाच ‘लिफ्ट’चा खरा अर्थ. ज्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने हे काम पहिल्यांदा करायचे आहे, त्याने पान्याला हात लावण्याआधी ही गोष्ट पक्की समजून घ्यावी. पुढचे सगळे निर्णय तिच्यावरूनच ठरतात.

मग उचलायची कशासाठी? कारणे चांगली आहेत. चेसिस वर गेली की मोठ्या टायरला फेंडरखाली जागा होते आणि मोठ्या टायरमुळे डिफरन्शियलही खरोखर वर येते. चढावर नाक घासत नाही. दोन चाकांच्या मधला पोटाचा भाग उंचवट्यावर टेकत नाही. बर्फात आणि चिखलात अडकण्याची शक्यता कमी होते. आणि गाडी देखणी दिसते, हेही कारणच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय कारखान्यातून येणारी बहुतेक अमेरिकन पिकअप पुढून इंच-दोन इंच झुकलेली असते. मागे हौद्यात माल भरला की मागचा भाग बसतो आणि गाडी सपाट होते, असा त्यामागचा हिशेब असतो. ज्यांच्या हौद्यात वर्षातून चार वेळाही वजन पडत नाही, त्यांना तो झुकाव खटकतो. पुढचा भाग तेवढा उचलून गाडी समतल करणे, हे तिकडे नवशिक्याचे पहिले काम मानले जाते.

ही हौस अमेरिकेच्या वाळवंटात वाढली. 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात ‘मेक्सिकन 1000’ ही शर्यत सुरू झाली आणि साध्या गाड्यांची सस्पेन्शन खडकाळ वाटेवर किती लवकर हात टेकतात, ते सगळ्यांनी पाहिले. दुसरीकडे मिझुरी राज्यात बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने आपली 1974 ची फोर्ड एफ-250 टप्प्याटप्प्याने इतकी वाढवली की तिचे नाव ‘बिगफूट’ पडले. 1981 मध्ये तिने जुन्या मोटारी चाकांखाली चिरडून दाखवल्या आणि तिथून मॉन्स्टर ट्रकचा खेळ सुरू झाला. 1985 च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातल्या मुलाचे स्वप्न काय होते, तर उचललेली काळी टोयोटा पिकअप. टोयोटाने 1995 मध्ये अमेरिकेसाठी टॅकोमा आणली. 2005 पासून 2023 पर्यंतच्या तिच्या दोन पिढ्या घरी उचलायला सोप्या म्हणून ओळखल्या जातात. या प्रकरणात उदाहरण म्हणून तीच घेतो. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, ही रचना इतरही अनेक पिकअपमध्ये असल्याने इथे कळलेले तिकडेही कामाला येते.

अमेरिकेत घरोघरी गॅरेज असते आणि सुट्टीच्या दिवशी माणसे ब्रेक पॅडपासून शॉकपर्यंत बरेच काही स्वतः बदलतात. गॅरेजवाल्याची मजुरी महाग, हे एक कारण. आपली गाडी आपल्याला आतून ठाऊक असावी ही इच्छा, हे दुसरे. ती मला फार मोलाची वाटते. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने हे काम काढायचे ठरवले, तर वसाहतीच्या संघटनेचे नियम आधी वाचावेत. घरासमोरच्या उतारावर गाडी खोलून ठेवायला अनेक ठिकाणी बंदी असते. गॅरेजचा दरवाजा साधारण सात फूट उंच असतो. मोठ्या आकाराची फोर-बाय-फोर पिकअप मुळातच साडेसहा फुटांच्या आसपास असते. तिला उचलून वर मोठे टायर घातले की टप आणि दरवाजा यांच्यात बोटभर जागा उरते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पुढच्या प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने दोन आर्म धरून ठेवतात, एक वर आणि एक खाली. दोघांची आतली टोके चेसिसला बुशमध्ये बसवलेली असतात, बाहेरची टोके बॉल जॉइंटने चाकाला धरणाऱ्या जाड तुकड्याला, म्हणजे नकलला. शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांची जोडी वरून चेसिसला आणि खालून खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते. दाराला बिजागरी आणि कड यांच्या मध्यावर ढकलले तर कड दुप्पट सरकते, तसेच इथे होते. शॉकच्या डोक्यावर एक इंचाची चकती, म्हणजे स्पेसर, घातला की चाकापाशी जवळजवळ दोन इंच मिळतात. दोन इंचांची लिफ्ट हवी म्हणून दोन इंचांचा स्पेसर मागवणारे अनेक जण इथेच फसतात आणि गाडी चार इंच वर जाऊन बसते.

गाडी वर गेली की आर्म खाली कलतात. कारखान्यात ते जवळजवळ आडवे असतात, कारण त्या अवस्थेत चाक वर-खाली झाले तरी त्याचा रोख फारसा बदलत नाही. आर्म जितके कलते, तितके चाक खड्ड्यात गेल्यावर आत-बाहेर सरकते आणि स्टिअरिंगला हिसका बसतो. इंजिनकडून पुढच्या चाकाला फिरवणारा दांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात, तोही तिरपा होतो. जॉइंटवरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासू लागतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडते, धूळ आत जाते आणि काही महिन्यांत वळणावर टकटक ऐकू येते. अडीच-तीन इंचांच्या पुढे गेले तर पुढचे डिफरन्शियल खाली आणणारे जोड घालावे लागतात. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेजवळ पोहोचतो. खड्डा मोठा असेल आणि चाक पूर्ण लोंबले, तर वरचा आर्म स्प्रिंगलाच टेकतो.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. चाक ज्या आसाभोवती वळते तो आस थोडा मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. पुढचा भाग उचलला की कॅस्टर कमी होतो आणि हमरस्त्यावर गाडी भरकटू लागते. चालकाला सतत बारीक दुरुस्ती करत राहावे लागते. टॅकोमाच्या खालच्या आर्मवर ॲडजस्ट करण्याचे कॅम बोल्ट असतात. त्यांच्या आधारे दोन, फार तर अडीच इंचांपर्यंतच्या लिफ्टमध्ये गमावलेला कॅस्टर बराचसा परत मिळवता येतो. त्याच्या पुढे वेगळ्या कोनात घडवलेले वरचे आर्म विकत घ्यावे लागतात.

म्हणून माझा नवशिक्याला आग्रह आहे तो दोन इंचांचा. हा आकडा भित्रेपणातून आलेला नाही. कारखान्याने दिलेल्या सुट्या जागेत, मूळचे आर्म, मूळचे जॉइंट आणि मूळचे ब्रेकचे पाइप ठेवून जे काम नीट बसते, त्याची हद्द साधारण तिथे संपते. तिसऱ्या इंचाबरोबर नवे आर्म येतात, चौथ्याबरोबर डिफरन्शियल उतरवणे, ड्राइव्हशाफ्टचे कोन, लांब ब्रेक पाइप. सहा इंचांच्या संचात तर चेसिसचे काही भाग कापावे लागतात. ते काम अनुभवी माणसाचे.

उंचीची दुसरी किंमत स्थैर्याची आहे आणि ती प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावी. अमेरिकेची रस्तेसुरक्षा संस्था एनएचटीएसए गाडी उलटण्याचा धोका मोजताना एक साधे गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. साध्या मोटारीत ते साधारण 1.3 ते 1.5 येते, पिकअप आणि उंच गाड्यांत 1.0 ते 1.3. समजा, चाकांमधले अंतर 64 इंच आणि गुरुत्वमध्य 27 इंचांवर आहे. गुणोत्तर येते 1.19. दोन इंचांची लिफ्ट केली, तर चाके आणि एक्सलचे वजन खालीच राहते म्हणून गुरुत्वमध्य साधारण दीड इंच वर जाईल, गुणोत्तर 1.12. चार इंच केली आणि तो तीन इंच वर गेला, तर 1.07. ऐनवेळी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली 2012 च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या हलक्या गाड्यांना सक्तीची आहे. पण तिची आखणी मूळ उंची धरून झालेली असते. लहान मुले मागच्या सीटवर बसणार असतील, तर हे तीन आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

संच निवडताना तीन वाटा दिसतात. पहिली बॉडी लिफ्ट: चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी एक ते तीन इंच वर नेणे. सस्पेन्शनला धक्का लागत नाही. पण बंपर आणि बॉडी यांच्यात फट दिसते, स्टिअरिंगचा दांडा आणि गिअरची जोडणी ताणली जाते, आणि पोटाखालची जागा वाढत नाही ती नाहीच. दुसरी वाट स्पेसरची. ती स्वस्त आहे आणि शॉकच्या डोक्यावर बसणारा स्पेसर लावायला स्प्रिंग दाबावी लागत नाही. तिचा दोष असा की शॉक आणि स्पेसर मिळून जोडी लांब होते आणि मोठ्या खड्ड्यात चेसिसवरचा रबरी थांबा टेकण्याआधीच शॉक आतून पूर्ण मिटू शकतो. तसे वारंवार झाले तर शॉक फुटतो. तिसरी वाट म्हणजे थोड्या लांब स्प्रिंगसकट नवे शॉक, आधीच जोडून आलेले. जर्मनीच्या बिलस्टाइनचे, मेलबर्नला 1975 मध्ये सुरू झालेल्या एआरबीच्या ‘ओल्ड मॅन इमू’ मालिकेतले, असे बरेच पर्याय बाजारात आहेत. पैसे जास्त जातात. पण जमत असेल तर तिसरीच वाट धरावी, आणि शॉक दुकानातूनच स्प्रिंग बसवून मागवावेत.

यामागचे कारण स्प्रिंग हेच आहे. शॉकवर दाबून बसवलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद कोंडलेली असते. शॉकच्या डोक्यावर कडेने 14 नंबरचे तीन नट असतात आणि मधोमध एक मोठा नट. कडेचे तीन सोडायचे असतात. मधला नट स्प्रिंगला धरून ठेवतो. गाडीखाली बसून, चुकून, सवयीने तो मधला नट सोडला तर स्प्रिंग सुटून तोंडावर येऊ शकते. भाड्याने मिळणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने हे काम घरी करणारे लोक आहेत. पहिल्याच खेपेला ते कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते. दुकानदार थोड्या मजुरीत ते यंत्रावर करून देतो.

काम काढण्याआधी एक संध्याकाळ गाडीखाली फक्त टॉर्च आणि हातोडी घेऊन घालवावी. ईशान्य अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने चेसिस आतून खाल्ली जाते. 2005 ते 2010 च्या टॅकोमांच्या चेसिस गंजण्यावरून टोयोटावर अमेरिकेत दावा झाला आणि 2016 मध्ये कंपनीने तडजोड मान्य केली. तिची किंमत 3.4 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज तेव्हा होता. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर पुढे जावे. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर लिफ्टचा विचार सोडून आधी चेसिस दाखवावी. मिठाच्या प्रदेशात कॅम बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेले असतात. ते फिरत नसतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, होणार नाही, आणि अलाइनमेंट होणार नसेल तर उचलण्यात अर्थ नाही. आठवडाभर आधीपासून रोज सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे.

वॉरंटीची धास्ती अनेकांना असते. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार गाडीत बाहेरचा भाग बसवला, एवढ्यावरून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे तिने दाखवावे लागते. सीव्ही जॉइंट गेला तर ते दाखवणे तिला सोपे आहे, रेडिओ बंद पडला तर अवघड. उंचीचे कायदे मात्र प्रत्येक राज्याचे निराळे: कुठे बंपरची उंची मोजतात, कुठे दिव्यांची. नॉर्थ कॅरोलायनात 2021 च्या डिसेंबरपासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर असलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीकडे अशा गाड्यांची तिथे लाट आली होती; त्यात चालकाला समोरचे दिसत नाही आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी इथे स्पष्ट सांगायला हवे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेऊन इथे कोणी बाहेरचा लिफ्ट संच बसवला, तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. आपल्याकडे पाटे वाढवून घेण्याची पद्धत जुनी आहे. भाजी, विटा, ऊस वाहणाऱ्या पिकअपला ड्रायव्हर पाटेवाल्याकडून जादा पाटा घालून घेतात, तो माल पेलण्यासाठी. पुढे जे यांत्रिक नियम येतात ते त्या पाटेवाल्याला तंतोतंत ठाऊक असतात.

आता जॅक. या प्रकरणातला कोणताही परिच्छेद चाळत वाचावासा वाटला तर वाचावा, हा नको. गाडी सपाट काँक्रीटवर हवी. डांबर उन्हात मऊ होते आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी, हँडब्रेक ओढावा. पुढचा भाग जॅकने उचलून चेसिसच्या दोन्ही कडांखाली स्टँड लावावेत आणि गाडीचे वजन स्टँडवर सोडावे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्यातले तेलाचे सील कधीही दगा देऊ शकते. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यावर गाडी ठेवू नये, कारण तो आधी तडा दाखवत नाही, एकदम फुटतो. स्टँडवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने तीन आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले, कारण दाते धरणारी खिट्टी निसटून स्टँड अचानक खाली येण्याचा धोका होता. त्यांच्या जागी दिलेल्या काही स्टँडच्या जोडात पुन्हा दोष निघाला. म्हणून दुहेरी आधार ठेवायचा: स्टँड लागले की बाजूला काढलेली चाके चेसिसखाली आडवी सरकवावीत. स्टँड घसरला तरी गाडी चाकांवर थांबेल आणि खालच्या माणसाला जागा उरेल. खाली शिरण्याआधी कमरेचा जोर लावून गाडी हलवून पाहावी. डगमगली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि घरात दुसरे माणूस जागे, हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय खाली शिरू नये.

पुढचे काम असे चालते. आधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. काम झाल्यावर किती मिळाले ते यावरूनच कळेल. चाक काढल्यावर अँटीरोल बारचे दोन्ही बाजूंचे दुवे सोडावेत. एकाच बाजूचा सोडला तर बार ताणात राहतो आणि पुढे सगळेच अडते. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार जिथे क्लिपने बांधली आहे तिथून मोकळी करावी. नकल बाजूला झुकताना ती ताणली जाऊन तुटणे, हा नवशिक्याच्या हातून होणारा नेहमीचा अपघात. कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने वर टांगावा, पाइपवर लोंबू देऊ नये.

यानंतर शॉकचा खालचा 19 नंबरचा बोल्ट काढायचा. टॅकोमात खालचा बॉल जॉइंट नकलला प्रत्येक बाजूला दोन बोल्टनी बसवलेला असतो. ते दोन सोडले की खालचा आर्म मोकळा होऊन खाली येतो आणि शॉक काढायला ऐसपैस जागा मिळते. वरच्या बॉल जॉइंटवर हातोडे घालावे लागत नाहीत. हे करताना आर्मच्या खाली छोटा जॅक हवाच. शेवटी डोक्यावरचे तीन नट, तेही शॉकला दुसऱ्या हाताने आधार देऊन, कारण तो जड असतो. नवा शॉक उलट क्रमाने बसतो. भोके जुळत नसतील तर लोखंडी पहार घालून जोर करण्याआधी आर्म जॅकने अर्धा इंच वर-खाली करून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच बोल्ट बोटाने आत जातो. चालकाच्या बाजूला टॅकोमा मुळातच किंचित कललेली असते. म्हणून अनेक संचांत त्या बाजूसाठी पाव इंचाची जादा चकती येते. ती उरली म्हणून फेकून देऊ नये.

इथे एक बारकावा आहे. आर्मच्या आतल्या टोकांना जे रबरी बुश असतात, त्यांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेले असते. आर्मचे हे बोल्ट सोडावे लागले असतील, तर चाक लोंबत असताना ते घट्ट आवळू नयेत. तसे केले आणि मग गाडी जमिनीवर आली, की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. बोल्ट हाताने बसवावेत, चाके लावून गाडी खाली उतरवावी, दोन-तीनदा दाबून हलवावी आणि मग शेवटचा ताण द्यावा. मागच्या पाट्यांच्या टोकांच्या बोल्टलाही हाच नियम. ताण मोजणारा टॉर्क पाना नसेल तर काम सुरूच करू नये. प्रत्येक बोल्टचा आकडा त्या वर्षाच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, मित्राच्या गाडीचा आकडा चालत नाही.

मागे दोन पर्याय: एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा, किंवा पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा. माल वाहायचा असेल तर पाटा बरा, रिकामी गाडी चालवायची असेल तर एखाद्या इंचाचा ठोकळा पुरतो, कारण मूळचा झुकाव जमेस धरलेला असतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. पुढच्या एक्सलला पाटे असलेल्या गाडीत पुढे ठोकळा मुळीच घालू नये. ब्रेक मारताना एक्सल फिरू पाहतो आणि ठोकळा निसटू शकतो. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच हवेत. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट लांबलेला असतो, तो दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. पाट्यांच्या मधल्या बोल्टचे डोके ठोकळ्याच्या खाचेत आणि ठोकळ्याची खुंटी एक्सलच्या भोकात बरोबर बसली आहे, हे बोटाने चाचपून मगच यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. जुन्या काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक दांडा हौद्यातले वजन ओळखून मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. मागचा भाग उचलला की त्याला हौदा रिकामाच वाटत राहतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो दांडा तेवढाच वर घ्यावा लागतो.

पहिल्या फेरीत गाडी निघताना, सावकाश वेगात, सीटखाली थरथर जाणवली तर बहुधा ड्राइव्हशाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा कोन बिघडलेला असतो. बेअरिंग थोडे खाली आणणारे छोटे जोड मिळतात आणि त्याने बहुतेक वेळा थरथर जाते. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी हळू न्यावी आणि त्याच दिवशी न्यावी. तिथे कॅस्टरचा आकडा छापील कागदावर मागून घ्यावा, ‘हिरव्या पट्ट्यात आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त उचलला असल्याने दिव्यांचा झोत वर गेलेला असतो. भिंतीसमोर गाडी उभी करून स्क्रूने तो खाली आणावा. काचेमागे कॅमेरा आणि जाळीमागे रडार असलेल्या नव्या गाड्यांत त्यांचेही माप पुन्हा लावून घ्यावे लागते, आणि ते घरी होत नाही. टायर 30.6 इंचांवरून 33 चे केले असतील तर काटा ताशी 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 65 च्या जवळ धावत असते.

पहिल्या पाचशे मैलांच्या आत यू-बोल्टचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण नवे धातू एकमेकांवर बसताना ताण उतरतोच. चाकांचे नट त्याहून लवकर, पहिल्या पन्नास-शंभर मैलांत. त्याच वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुढचे ब्रेक पाइप कुठे ताणले जात नाहीत ना आणि टायर आतल्या बाजूला कुठे घासत नाही ना, ते टॉर्च मारून पाहावे. बॉल जॉइंटच्या चारही बोल्टवर रंगाच्या पेनने आडवी रेघ मारून ठेवावी: पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. सीव्ही बूटच्या घड्यांत ओलसर ग्रीस दिसले, तर तो बूट त्याच आठवड्यात बदलावा. जॉइंट वाजायला लागेपर्यंत थांबले तर बूटऐवजी सगळा शाफ्ट बदलावा लागतो.